द्राक्षवेलीचं कोणतं पान कमावतं?

फुटीच्या, म्हणजे वेलीच्या नव्या फांदीच्या, शेंड्याजवळचं कोवळं, चकचकीत पान हिरवं दिसलं तरी ते अजून वेलीच्याच जिवावर वाढत असतं. हरितद्रव्य कमी, पर्णरंध्रं पुरती तयार नाहीत आणि कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकरही तोकडं. बनवलेली साखर वाढीला पुरत नाही. पूर्ण आकाराच्या साधारण एक तृतीयांश झालं की ते साखर बाहेर धाडू लागतं, आधी वरच्या शेंड्याला, पुढे खाली घडाकडे. उलगडल्यापासून 30 ते 40 दिवसांनी त्याचं प्रकाशसंश्लेषण भरात येतं आणि मग हळूहळू उतरणीला लागतं.

पंचाईत अशी, की पान भरात येईतो त्याच्यावर नवी पानं पसरलेली असतात. भर दुपारच्या उन्हातला तिसरा हिस्सा ते निम्मं ऊन मिळालं की द्राक्षाच्या पानाचं भागतं. त्याहून जास्तीचं ऊन त्याला वापरता येत नाही. खालच्या पानापर्यंत मात्र उपयोगी प्रकाशाचा दहावा हिस्साही उतरत नाही आणि तिसऱ्या थरात शंभरावाही नाही. तिथे श्वसनाचा खर्चसुद्धा निघत नाही. आपल्याला हे पटकन कळत नाही, कारण पानातून पार होणारा प्रकाश बराचसा हिरवा असतो आणि आपल्या डोळ्याला तो चांगला दिसतो. पानाला हवा असलेला लाल-निळा प्रकाश वरच्या थराने केव्हाच शोषलेला असतो.

सावलीतलं जून पान घडाची साखर खातं, असं बरेचजण मानतात. तसं होत नाही. एकदा साखर पाठवू लागलेलं पान सहसा पुन्हा घेणारं होत नाही. ते अर्धपोटी राहतं, वेल त्यातला नायट्रोजन काढून घेते आणि ते पिवळं पडून गळतं. तरीही दाटी वाईटच. आत दमटपणा राहतो, भुरी या बुरशीच्या रोगाला आयतं रान मिळतं आणि सावलीतल्या फांदीवरच्या डोळ्यांत, म्हणजे अंकुरांत, पुढच्या हंगामाचे घड कमी तयार होतात.

म्हणून फुटींची विरळणी वेळेवर हवी. पण बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून निघणाऱ्या फुटी, सरसकट काढू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. घडात साखर भरायच्या दिवसांत बुडाकडची पानं उतरणीला लागलेली असतात, आणि बगलफुटीची उशिरा आलेली पानं तेव्हा नेमकी भरात असतात. दाटी होत नसेल तिथे त्यांची दोन-तीन पानं राखावीत.