सरकारी कंपनीची खरेदी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचे टप्पे

केंद्र सरकारची एखादी कंपनी विक्रीला निघाली की चर्चा किमतीची होते. अर्जदाराला मात्र किमतीचा आकडा बराच उशिरा द्यावा लागतो आणि तोवर अनेक इच्छुक कागदपत्रांच्या छाननीतच गळालेले असतात. एअर इंडियासाठी डिसेंबर २०२० पर्यंत सात इरादापत्रे, म्हणजे खरेदीची इच्छा कळवणारे अर्ज, आली होती. खुलासा करण्याची संधी देऊनही त्यांतील पाच अर्जदार अटी पूर्ण करू शकले नाहीत व अपात्र ठरले.

व्यवस्थापनासह मालकी देण्याच्या या व्यवहाराला धोरणात्मक निर्गुंतवणूक म्हणतात. अर्थ मंत्रालयाचा ‘दीपम’ हा विभाग ती हाताळतो. मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी मिळाल्यावर व्यवहार सल्लागार नेमले जातात आणि प्राथमिक माहितीपत्र प्रसिद्ध होते. पात्रतेच्या अटी, अर्जाचे नमुने व अंतिम मुदत त्यातच असते, त्यामुळे इच्छुकाने बातम्यांवर विसंबू नये. हे माहितीपत्र व त्यानंतर निघणारी शुद्धिपत्रे अक्षरशः वाचावीत.

पात्रतेचा मुख्य निकष नेटवर्थचा, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून उरणाऱ्या रकमेचा असतो. एअर इंडियासाठी तो ३,५०० कोटी रुपये होता. एकट्याची ऐपत नसल्यास समूह करून अर्ज करता येतो. मात्र प्रमुख सदस्य कोण, कोणाचा वाटा किती, हे आधीच ठरवावे लागते व नंतरच्या बदलांवर मर्यादा असतात. ज्या कंपनीत केंद्राचा हिस्सा ५१ टक्के किंवा अधिक आहे, तिला सामान्यतः बोली लावता येत नाही. एका सरकारी खिशातून दुसऱ्यात पैसे जाण्याला खासगीकरण म्हणणे कठीणच आहे. भारताला लागून भूसीमा असलेल्या देशांतील गुंतवणूकदारांना २०२० पासून सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

इरादापत्रासोबत कंपनी नोंदणीचे प्रमाणपत्र, लेखापरीक्षित ताळेबंद, नेटवर्थबाबत लेखापरीक्षकाचा दाखला, संचालक मंडळाचा ठराव, स्वाक्षरी करणाऱ्याच्या नावे मुखत्यारपत्र, भागधारणेचा तपशील आणि समूह असल्यास सदस्यांमधील करार द्यावा लागतो. सर्वांत जपून करायचा कागद म्हणजे न्यायालयीन प्रकरणे, दोषसिद्धी व नियामकांच्या कारवाईबाबतचे प्रतिज्ञापन. ते समूहातील प्रत्येक सदस्याला लागू असते, आणि एकाचे प्रकरण सगळ्यांना भोवू शकते. पवनहंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीची विक्री २०२२ मध्ये निश्चित झाली होती, परंतु विजेत्या समूहातील एका सदस्याविरुद्धच्या प्रतिकूल कायदेशीर आदेशामुळे सरकारने पुढे ती प्रक्रियाच रद्द केली. म्हणून भागीदार निवडताना त्याच्या ताळेबंदाइतकीच त्याच्या खटल्यांची यादी तपासणे इष्ट ठरते.

छाननीतून पार पडलेल्यांना गोपनीयता करारानंतर कंपनीची अंतर्गत कागदपत्रे डेटा रूममध्ये पाहता येतात: जमिनींचे हक्क, कर्जे, कर्मचाऱ्यांची देणी, प्रलंबित दावे. त्यानंतर भाग खरेदी कराराचा मसुदा मिळतो आणि मोहोरबंद आर्थिक बोली मागवली जाते. एअर इंडियाच्या वेळी बोली हाती आल्यावरच १२,९०६ कोटींची राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विक्री होत नाही अशी किमान रक्कम, ठरवली गेली. टाटा समूहातील टॅलेसची बोली १८,००० कोटींची, तर प्रतिस्पर्धी समूहाची १५,१०० कोटींची होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये विजेता जाहीर झाला आणि २७ जानेवारी २०२२ रोजी ताबा दिला गेला. मधल्या काळात स्पर्धा आयोग, कर्ज देणाऱ्या संस्था आदींच्या संमती घ्याव्या लागतात.

सर्वसामान्य गुंतवणूकदाराला यातले काहीच करावे लागत नाही. सूचिबद्ध सरकारी कंपनीतील अल्प हिस्सा शेअर बाजारात ऑफर फॉर सेलने विकला जातो. त्यासाठी पॅन, डिमॅट आणि ट्रेडिंग खाते पुरते. दोन लाख रुपयांपर्यंत बोली लावणारा किरकोळ गुंतवणूकदार गणला जातो व किमान १० टक्के समभाग या गटासाठी राखीव असतात. प्राथमिक भागविक्रीत (आयपीओ) मात्र तारखा पाहाव्यात. एलआयसीच्या मे २०२२ मधील विक्रीत पॉलिसीधारकांना प्रति समभाग ६० रुपये सवलत होती, पण ती २८ फेब्रुवारीपर्यंत पॉलिसीला पॅन जोडलेल्यांनाच, आणि तीही स्वतःच्या नावे डिमॅट खाते असेल तरच मिळाली.