साम्राज्य उभं राहिलं ते सभागृहात

भाच्यानं महाद्वार रोडवरनं आणलेला पांढरा प्लॅस्टिकचा मुखवटा चढवून घरभर कवायत केली आणि मग विचारलं, "मामा, ह्ये सगळे एकसारखेच का दिसत्यात?" 'स्टार वॉर्स' या अमेरिकी चित्रपटमालिकेतल्या गॅलेक्टिक साम्राज्याची गोष्ट खरं तर याच प्रश्नापासून सुरू होते.

पहिला चित्रपट अमेरिकेत 25 मे 1977 रोजी लागला. वेशभूषाकार जॉन मोलो हे लष्करी गणवेशांचे अभ्यासक होते, त्यामुळे साम्राज्याच्या अधिकाऱ्यांच्या करड्या कपड्यांवर जर्मन लष्कराची छाप दिसते. पांढऱ्या मुखवट्याच्या शिपायांचं 'स्टॉर्मट्रूपर' हे नावही पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तुकड्यांचं. दिग्दर्शक जॉर्ज लुकास कथा रचत होते तो काळ व्हिएतनाम युद्धाचा आणि अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचा. त्याचा परिणाम त्यांनी स्वतः मान्य केला आहे.

पण लोकांच्या लक्षात राहतो तो ग्रह फोडणारा मृत्युतारा आणि सम्राटाचा काळा मुखवटेवाला सरदार डार्थ व्हेडर याचा श्वास. मला मात्र त्याच चित्रपटातली एक बैठक जास्त महत्त्वाची वाटते. सुभेदार टार्किन आत येतो आणि सांगतो, सम्राटानं सिनेट, म्हणजे तिथली संसद, कायमची बरखास्त केली. एक अधिकारी विचारतो, मग कारभारावर ताबा कसा राहणार? उत्तर मिळतं: सुभेदार आणि भीती. म्हणजे तोवर सिनेट होती! साम्राज्य घोषित झाल्यावर कथेतली 19 वर्षं ती भरत होती, सभासद येत-जात होते.

ते साम्राज्य आलं कसं, हे 2002 आणि 2005 च्या चित्रपटांत उलगडतं. पुढं सम्राट होणारा पॅल्पटीन हा आधी रीतसर निवडलेला चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख. फुटीर ग्रहांचं संकट उभं राहतं, सिनेट त्याला आणीबाणीचे अधिकार देते आणि संकट टळलं की ते परत करीन, असा शब्द तो देतो. दहा वर्षं आधीच गुपचूप मागवून ठेवलेली फौज लगेच हजर होते. सगळे शिपाई एकाच माणसाच्या पेशींपासून घडवलेले. भाच्याच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. पुढं भरती केलेली माणसं आली, तरी चिलखत तेच राहिलं. युद्धाच्या दोन्ही बाजू पॅल्पटीनच चालवत होता, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. शेवटी सुरक्षिततेच्या नावाखाली तो साम्राज्याची घोषणा करतो आणि सभागृह टाळ्या वाजवतं.

लुकास यांना पडलेला प्रश्न जुना होता: सीझरला मारल्यावरही रोमच्या सिनेटनं त्याच्याच वारसाच्या हाती सत्ता का दिली? राजा घालवलेल्या फ्रान्सनं नेपोलियनला सम्राट का केलं? जर्मनीचं उदाहरण तर अगदी जवळचं. हिटलरही 30 जानेवारी 1933 रोजी चान्सलर झाला तो घटनेच्या मार्गानं. फेब्रुवारीत राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदभवनाला, आग लागली, नागरी हक्क स्थगित झाले आणि 23 मार्चला सर्वाधिकार देणारा कायदा 444 विरुद्ध 94 मतांनी संमत झाला. कम्युनिस्ट सभासदांना आत येऊच दिलं नव्हतं आणि सभागृहात गणवेशातले नाझी उभे होते. एवढं असूनही 94 जणांनी विरोधात मत दिलं, हे मी कधी विसरत नाही.

आपल्याकडंही 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली ती राज्यघटनेतल्या कलम 352 खाली, आणि पुढच्या महिन्यात संसदेनं तिला मान्यता दिली. ती 21 मार्च 1977 रोजी उठली, पहिला 'स्टार वॉर्स' लागायच्या दोन महिने आधी. माझे वडील तेव्हा कोल्हापुरात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. सेन्सॉरनं मजकूर अडवला की जुळवलेल्या ओळी मोडून एकेक अक्षर परत खणात टाकायचं, काळ्या बोटांनी, कुणी काही न बोलता.

2005 चा चित्रपट मी त्यांना दाखवला. यानं, तलवारी, लाव्हा यांत त्यांना रस नव्हता. टाळ्यांचा प्रसंग आला तसे ते पुढं सरकून बसले आणि म्हणाले, "जरा मागं घे. कोण कोण वाजवत नाही ते बघू दे."