'कट' वाजला म्हणजे बोल्ट आवळला?

नाशिकमध्ये द्वारका चौकातून आडगाव नाक्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला टायरची दुकानं आणि गॅरेजं लागतात. चाक चढवून झालं की दुकानातला पोऱ्या पान्याच्या दांड्यावर उभा राहतो आणि एक हिसका देतो. गिऱ्हाईक निश्चिंत होतं. आता हिशोब पाहू. दांडा ३० सेंटिमीटरचा, पोऱ्या ६० किलोचा. नुसता उभा राहिला तरी नटाला १७५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो. छोट्या मोटारींच्या चाकाला साधारण ८५ ते ११० लागतो (आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो). हिसक्याचं तर विचारूच नका.

याच मुंबई-आग्रा रस्त्यानं पुढे गेलं की ओझर. मिग-२१ बनवण्यासाठी १९६४ मध्ये तिथे कारखाना उभा राहिला, नंतर सुखोई-३० एमकेआय तिथेच जुळली. विमानाच्या कामात बोल्ट कोणत्या पान्यानं आवळला आणि त्या पान्याचं कॅलिब्रेशन (आकडा बरोबर दाखवतो ना याची तपासणी) कधी झालं याची नोंद होते, खाली सही होते. दोन टोकं आहेत ही. पण दोन्हीकडे अडचण एकच आहे: आपल्याला हवी असते पकड, आणि पाना मोजतो भलतंच काहीतरी.

बोल्टाकडे स्प्रिंग म्हणून पाहिलं की गोष्ट लवकर कळते. नट फिरतो तसा बोल्ट ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट मूळ लांबीवर यायला धडपडताना दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. १० मिलिमीटरचा, १७ चा पाना लागणारा, डोक्यावर ८.८ कोरलेला नेहमीचा बोल्ट घ्या. (पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनला तुटणार, दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा लांबणार.) आट्यांच्या जागी त्याचं कामाचं क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर भरतं. तो सुमारे २५ किलोन्यूटनपर्यंत ताणायचा असतो. म्हणजे अडीच टन, द्राक्षांचे क्रेट भरलेल्या छोट्या पिकअपएवढं वजन, करंगळीपेक्षा बारीक बोल्टावर. आणि एवढ्या ओढीनं ६० मिलिमीटरचा बोल्ट लांबतो किती? जेमतेम एक दशांश मिलिमीटर.

हा एक दशांश गॅरेजमध्ये मोजता येत नाही, म्हणून आपण टॉर्क मोजतो. पण पान्याला दिलेल्या जोरापैकी जवळपास निम्मा जोर नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, ४० टक्के आट्यांमध्ये घासण्यात जातो. बोल्ट ताणायला उरतात दहा टक्के. घासणं थोडं जरी बदललं तरी या दहा टक्क्यांची उलथापालथ होते. त्यामुळे टॉर्क रेंच (ठरवलेला टॉर्क आला की 'कट' वाजणारा पाना) कितीही चांगला असला तरी नुसत्या टॉर्कवर आवळलेल्या बोल्टांच्या पकडीत २५-३० टक्क्यांचा फरक पडतोच.

यातली सगळ्यात महाग चूक म्हणजे 'चांगलं बसावं म्हणून' लावलेलं तेल. टॉर्कचं साधं सूत्र असं: घर्षणाचा गुणक गुणिले बोल्टाची जाडी गुणिले ताण. कोरड्या आट्यांना गुणक ०.२ धरतात. वरच्या बोल्टाला २५ किलोन्यूटन हवे तर ५० न्यूटन-मीटर झाले. आता त्याच आट्यांना इंजिन ऑइल लावलं की गुणक ०.१५ वर येतो, आणि त्याच ५० मध्ये ताण जातो ३३ किलोन्यूटनवर, म्हणजे बोल्टाच्या सोसण्याच्या काठावर. मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस लावलं, गुणक ०.१ झाला, की हिशोब ५० किलोन्यूटन दाखवतो. हा बोल्ट ४६ ला तुटतो. रेंच बरोबर, आकडा बरोबर, माणूसही बरोबर, तरी बोल्ट हातात! म्हणून मॅन्युअलमधला टॉर्क वाचताना त्याशेजारचा 'कोरडे' किंवा 'तेल लावून' हा शब्द आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो. उलट गंजलेल्या, रंग साचलेल्या आट्यांवर कट वेळेआधीच वाजतो आणि पकड अर्धीसुद्धा नसते. आवळण्याआधी तारेच्या ब्रशचे चार हात मारायचे ते यासाठी.

तेलाचा आणखी एक घात गॅरेजवाल्यांना चांगला ठाऊक आहे. इंजिन ब्लॉकमधलं भोक आरपार नसेल आणि तळाशी तेल किंवा कूलंट साचलेलं असेल, तर बोल्ट खाली उतरताना ते दाबलं जातं. द्रव दाबून दाबून दबत नाही. कट वाजतो, हेड (ब्लॉकवर बसणारं इंजिनाचं झाकण) सैल राहतं, आणि नशीब वाईट असेल तर ब्लॉकलाच तडा जातो. हवेच्या गनने भोकं उडवून कोरडी करायला दोन मिनिटं लागतात.

बरोबर ताणलेला बोल्टही नंतर सैल पडू शकतो. कारण पुन्हा तोच एक दशांश. डोक्याखाली रंगाचा थर असेल, ड्रिलचं बर (भोकाच्या कडेला उठलेली धातूची कोर) राहिलं असेल, तर काही तासांत तो थर दबतो. समजा, दोन शतांश मिलिमीटर दबला. ६० मिलिमीटरच्या बोल्टाची पकड पाचव्या हिश्श्यानं जाते. १५ मिलिमीटरचा आखूड बोल्ट मुळात तीन शतांशच लांबलेला असतो. त्याची निम्म्याहून जास्त पकड गेली. इंजिनाच्या हेडचे बोल्ट एवढे लांबलचक का असतात, याचं एक उत्तर इथे आहे. चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला सांगतात तेही यासाठीच. नाशिकहून मुंबईला निघाला असाल तर इगतपुरीच्या चहाला हे काम होतं: चाक गार आहे ना ते पाहायचं, रेंच त्याच आकड्यावर ठेवायचा आणि चांदणीच्या क्रमानं, म्हणजे एक सोडून पुढचा असे नट घ्यायचे. कसारा घाट त्यानंतर.

'स्प्रिंग वायसर घातलाय की' हे उत्तर इथे चालत नाही. स्प्रिंग वायसर बोल्टाच्या ताणाच्या मानानं अगदी थोड्या जोराला सपाट होतो. त्यानंतर तो साध्या वायसरसारखाच. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ मध्ये दाखवून दिलं की नट सैल करण्यात लांबीच्या दिशेच्या हादऱ्यांपेक्षा आडवे हादरे कितीतरी वाईट. जोडलेले दोन भाग एकमेकांवरून केसभर जरी सरकू लागले, तरी आट्यांमधलं घर्षण सुटतं आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. त्यामुळे भाग सरकूच नयेत एवढी पकड हवी. वायसर हा त्यानंतरचा विषय.

घर्षणाला बगल देण्याची एक हुशार युक्ती मोटारींच्या इंजिनांत आता सर्रास दिसते. हेडचे बोल्ट आधी हलक्या टॉर्कनं टेकवायचे, समजा ३० न्यूटन-मीटर, आणि मग टॉर्क विसरून कोन मोजायचा: ९० अंश, पुन्हा ९० अंश. १० मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे १.५ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे पाव फेऱ्यात नट ०.३७५ मिलिमीटर पुढे सरकणारच, तेल असो वा नसो. क्रम मधून बाहेर, गोगलगाईसारखा. या पद्धतीत बोल्ट मुद्दाम कायमचा लांबेल इथपर्यंत नेतात. असे बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात; जिथे पुन्हा वापरायची मुभा आहे तिथे व्हर्नियरनं लांबी मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावी लागते. जुनेच बोल्ट धुऊन-पुसून लावले की महिन्याभरात गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली गळती रोखणारी पट्टी) उडतं आणि बोल लागतो गॅस्केटच्या कंपनीला.

मोठ्या कारखान्याच्या लाइनवर विजेचा नटरनर, म्हणजे नट आवळणारं यंत्र, टॉर्क आणि कोन दोन्ही नोंदवतो. त्या दोघांचा आलेख म्हणजे बोल्टाचा ईसीजीच म्हणा ना. फार थोड्या कोनात टॉर्क चढला तर आटे तिरपे बसलेत किंवा भोकात कचरा आहे. कोन वाढतोय पण टॉर्क चढत नाही, तर आटे झिजून गेले किंवा बोल्ट लांबतोय. आकडे ठरलेल्या चौकटीत नसतील तर मशीन गाडी पुढे सोडत नाही.

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या युनिटमध्ये नटरनर नसतो, क्लिकचा रेंच असतो, आणि नीट वापरला तर तोही बराच उपयोगी आहे. पहिल्या कटला थांबायचं. 'अजून एक' म्हणून दुसरा कट घेतला की ताण वाढलाच. मूठ जिथे धरायची तिथेच धरायची, पाइप घालायचा नाही. रेंचनं नट सोडवायचा नाही. काम झालं की सेटिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. वर्षातून एकदा किंवा ५,००० वापरांनंतर कॅलिब्रेशन. अडचणीच्या जागी पुढे क्रो-फूट (रेंचच्या टोकाला लागणारा उघड्या तोंडाचा पाना) जोडला तर आकडा बदलतो: ४० सेंटिमीटरच्या रेंचला सरळ रेषेत ५ सेंटिमीटरचं जोड लावलं, तर ५० साठी सेटिंग ४४.४ वर. तेच जोड काटकोनात लावलं तर काही बदलावं लागत नाही.

विमानात याच्यावर आणखी एक थर चढतो. नायलॉनची कडी असलेला नट मोकळा फिरतानाच थोडा जोर खातो. तो आधी मोजून ठरलेल्या टॉर्कमध्ये मिळवायचा. नट ५ वर फिरतोय आणि टॉर्क हवा आहे ४०, तर रेंच ४५ वर. शक्यतो नट फिरवायचा, बोल्टाचं डोकं नाही, कारण बोल्ट फिरला तर भोकात घासून जोर वाया जातो. खाचेच्या नटात स्प्लिट पिन बसत नसेल तर नट मागे घ्यायचा नाही. वायसर बदलून पाहायचा. लॉकिंगची तार, साधारण ०.८ मिलिमीटरची आणि इंचाला सहा ते आठ पिळांची, अशा बाजूनं ओढायची की बोल्ट सुटू लागला तर तारच त्याला आवळेल. शेवटी डोक्यावर रंगाची रेघ. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला.

एवढं असूनही १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच १७,३०० फुटांवर उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचला. काच नुकतीच बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट ०.६६ मिलिमीटरनं बारीक निघाले. आवळताना टॉर्कच्या स्क्रूड्रायव्हरचा कट वाजल्यासारखा वाटला होता. प्रत्यक्षात बारीक बोल्ट नटाच्या आट्यांत घसरत होता, आणि हाताला ते कटसारखंच लागत होतं. नवे बोल्ट निवडले होते काढलेल्या जुन्या बोल्टांशी डोळ्यांनी जुळवून. ते जुने बोल्ट जाडीला बरोबर होते, पण लांबीला अडीच मिलिमीटर कमी. उरलेले सहा त्याच मापाचे होते.