विभागीय चौकशी (महाराष्ट्र)
सरकारी कर्मचाऱ्याने वागणुकीचे नियम मोडले की त्याच्यावर खात्यातर्फेच जी कारवाई चालते तिला विभागीय चौकशी म्हणतात, ऑफिसात सगळे नुसतं 'डीई (डिपार्टमेंटल एन्क्वायरी) लागली' असं म्हणतात. कसं वागायचं ते महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये आहे, म्हणजे सचोटी, भेटवस्तू, मालमत्तेची माहिती, जोडधंदा, अगदी हुंडा घेऊ नये इथपर्यंत, आणि मोडलं तर काय ते त्याच वर्षीच्या शिस्त व अपील नियमांत. जिल्हा परिषदवाल्यांना हे नाही, त्यांचे शिस्त व अपीलाचे 1964 चे वेगळे नियम आहेत.

निलंबन म्हणजे शिक्षा, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाहीये, चौकशी होईपर्यंत माणसाला खुर्चीपासून लांब ठेवतात इतकंच, आणि त्या काळात निर्वाह भत्ता चालू असतो, सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराएवढा. 48 तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर निलंबित झालाच असं धरतात.

खरी चौकशी दोषारोपपत्र हातात पडल्यावर सुरू होते, मग चौकशी अधिकारी, खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी, साक्षी, उलटतपासणी, आणि तारखा. शिक्षा ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत काहीही होऊ शकते, मधे वेतनवाढ रोखणं, खालच्या पदावर आणणं, सक्तीची निवृत्ती. 'काढून टाकणं' आणि 'बडतर्फ' यात फरक आहे बरं का, बडतर्फ झालेल्याला सहसा परत सरकारी नोकरी मिळत नाही. राज्यघटनेच्या कलम 311 मुळे काही अपवाद सोडले तर चौकशीशिवाय कोणाला घरी पाठवता येत नाही.

लाच असेल तर अँटी करप्शन ब्युरोचा ट्रॅप म्हणजे सापळा (फोन 1064) आणि 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली खटला, तो वेगळा चालतो. तिथे सुटला म्हणून डीईतून आपोआप सुटत नाही, कारण कोर्टात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, इथे शक्यता कुणाकडे झुकते तेवढं बघतात. उलट खटला भरायलाच आधी सरकारची मंजुरी लागते आणि फाइल तिथेच लोळत पडते.

शिक्षा झालेला आधी खात्यात अपील करतो, मग मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मुंबई, नागपूर, औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर), तिथून हायकोर्ट. ज्याने तक्रार केली तो मात्र चौकशीत जास्तीत जास्त साक्षीदार, शिक्षा कमी वाटली म्हणून त्याला या नियमांत अपील नाही. त्याच्या हातात उरतं माहिती अधिकारात फाइल कुठे आहे विचारणं, नाहीतर सरकारी कारभाराच्या तक्रारी बघायला 1971 च्या कायद्याने आलेल्या लोकायुक्तांकडे जाणं, आणि तेही शिफारसच करतात, अंमल परत खात्यानेच करायचा.