वकिलांची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण (बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात)

सनद असलेल्या वकिलाने ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या देशात जाऊन तिथली न्यायालये आणि वकिली जवळून पाहायची व मुदत संपली की आपल्या बारमध्ये (वकील संघात) परतायचे, अशी ही पद्धत आहे. परदेशी पदवी घेण्याशी तिची नेहमी गल्लत होते. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती (1983) वर्षभराच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी असते. अमेरिकेची हम्फ्री फेलोशिप (1978) पदवी देत नाही. व्यवसायात काही वर्षे मुरलेल्यांसाठी असलेल्या या सुमारे दहा महिन्यांच्या कार्यक्रमात कायदा व मानवी हक्क हाही एक विषय आहे. लंडनच्या इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेने 1987 साली सुरू केलेला पेगासस न्यास त्याहून आटोपशीर आहे. त्यात कॉमन लॉ (इंग्लंडच्या धर्तीची कायदेपद्धत) असलेल्या देशांतले तरुण वकील काही आठवडे लंडनच्या बॅरिस्टरांमागे बसून काम पाहतात आणि तिकडचे वकील या देशांत जातात. (1924 च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष गांधीजी याच इनर टेंपलचे बॅरिस्टर. 1922 मध्ये त्यांचे नाव पटावरून कमी झाले होते, ते 1988 मध्ये पुन्हा चढले.)

पाहुण्या वकिलाला तिथे वकीलपत्र दाखल करता येत नाही. आपल्याकडेही तसेच आहे: परदेशी वकिलाने अधूनमधून येऊन स्वतःच्या देशाच्या कायद्याबद्दल सल्ला द्यायला हरकत नाही, पण भारतीय कायद्याची वकिली करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ए. के. बालाजी प्रकरणात 2018 साली ठरवले.

बेळगावात वकिलीची परंपरा जुनी आहे. राजा लखमगौडा विधी महाविद्यालय 1939 पासून चालू आहे. सीमाभागातल्या वकिलाला रोज जे करावे लागते ते परदेशी निवड समितीला समजावून सांगणे मात्र अवघड जाते. खानापूर किंवा निपाणीकडच्या जमिनीच्या दाव्यात आजोबांच्या वाटणीचा कागद मोडीत, 1956 पूर्वीची नोंद मुंबई राज्याच्या कायद्याखालची, आजचा उतारा कन्नड आणि अशिलाशी बोलणे मराठीत, असा मामला असतो. वरच्या कोर्टात जायचे तर धारवाड खंडपीठ, तिथे इंग्रजी. एका फायलीत इतक्या भाषा हाताळणे ही खरी लिहिण्याजोगी पात्रता असते, पण अर्जात ती बहुधा ‘तीन भाषांचे ज्ञान’ एवढ्यावर उरकली जाते. शिफारसपत्राचीही तीच गत. ‘मुलगा होतकरू व प्रामाणिक आहे’ या सिनियरच्या चार ओळींनी काम भागत नाही. ज्युनियरने कोणता दावा कसा हाताळला हे त्यात यावे लागते.

खर्चाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, कारण पूर्ण शिष्यवृत्तीत प्रवास व निर्वाह भागतो. अडचण तारखांची असते. मोठ्या शहरातल्या फर्ममध्ये एक वकील गेला तर दुसरा उभा राहतो. तालुका कोर्टातल्या वकिलाची डायरी त्याच्या एकट्याची असते. दहा महिने तारखा सांभाळायला मित्र तयार होतो, पण अशील मित्राकडे नव्हे, याच्याकडे आलेला असतो. म्हणून हम्फ्रीपेक्षा काही आठवड्यांचे कार्यक्रम अशा वकिलाला परवडतात. लांबच्या मुदतीवर जाणाऱ्याला निघण्याआधीच दुसऱ्या वकिलाला उभे राहता यावे म्हणून दोन-चार वकीलपत्रांवर ‘ना हरकत’ सही करून द्यावी लागते.