ताण्याखालचं बालपण : नागपूरच्या विणकर आणि मिल वस्त्यांची पार्श्वभूमी

गोळीबार चौकातून तांडापेठेकडे निघालं की आमची गल्ली लागायची. सकाळी तिच्यातून सायकलसुद्धा जाऊ शकत नसे. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा लावलेला असायचा. बांबूच्या काठ्यांवर कमरेच्या उंचीला ताणलेलं ओलं सूत, त्यावर भाताची खळ, आणि दोन्ही बाजूंनी कुंचा फिरवत मागे-पुढे चालणारी माणसं. ही पांजणी. ऊन चढायच्या आत ती उरकावी लागे, कारण सूत घाईने वाळलं की कडक होतं आणि मागावर पटापट तुटतं. खळीचा तो आंबूस वास अजूनही कुठे आला तर माझी पावलं थांबतात. आम्ही पोरं वाकून ताण्याखालून पळायचो आणि आजी ओरडायची, "पोट्टेहो, सूत तुटलं ना, तर तुमच्या बापाले बसवीन जोडाले!"

त्या गल्लीला आम्ही रस्ता म्हणत असू, पण तिचा पहिला उपयोग जाण्यायेण्यासाठी नव्हताच. ती ताण्यासाठी होती. घरंही तशीच. पुढच्या खोलीत माग, मागाखाली जमिनीत गुडघाभर खड्डा, त्यात पाय सोडून आजोबा पावड्या दाबत बसायचे. आजी दाराशी चरख्यावर कांड्या, म्हणजे मागासाठी सुताच्या छोट्या नळ्या, भरायची. शाळेतून आलं की आधी वीस कांड्या, मग खेळ. आमच्या आळीतल्या सगळ्या पोरांचा हाच नियम होता.

ही वस्ती मिलच्या फार आधीची. भोसल्यांच्या राजवटीत नागपूरच्या पेठांत विणकर स्थिरावले. पागोटी, धोतरं, रेशीमकाठी लुगडी यांना दरबाराचं आणि सरदारांचं गिऱ्हाईक होतं. १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि ते गिऱ्हाईक आटलं. पुढे १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली. तिच्यासोबत विलायती कापड आलं आणि विदर्भाचा कापूस बाहेर जाऊ लागला. आमच्या आळीचं दैन्य लोक मिलच्या नावावर टाकतात, पण त्याची सुरुवात या दोन सालांत आहे असं मला वाटतं.

मिल आली १८७७ मध्ये. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं त्याची कारणं उघड होती : कापूस इथलाच, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दाराशी. जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची, दलदलीची. तिथे भराव घालताना पाहून एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय म्हणून. पुढे त्यानेच कबूल केलं की यांनी पुरली ती माती आणि काढलं ते सोनं. ही गोष्ट नागपुरात आजही सांगतात. १ जानेवारी १८७७ ला मिल सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं, म्हणून नाव एम्प्रेस. कारभार पाहायला रेल्वेतून आलेले बेझनजी मेहता होते. उत्तर नागपुरातल्या बेझनबागेत राहणाऱ्या किती मुलांना आपल्या पत्त्यातला हा बेझन कोण ते माहीत असेल?

एम्प्रेसचा विस्तार होत गेला, पुढे मॉडेल मिल उभी राहिली, आणि शहराचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं. आमच्या घरी भिंतीवर घड्याळ आलं ते मी सहावीत असताना. तोवर पहाटेच्या भोंग्याला चूल पेटायची, दुपारच्या भोंग्याला पाळी सुटायची, आणि रात्रीचा भोंगा झाला की आई आमच्या अंगावर गोधडी ओढायची. माझे बाबा मिलमध्ये लागले होते, कारण हातमागावर दोन घरं चालत नव्हती. सुट्टीच्या दिवसांत त्यांचा डबा मी गेटवर नेऊन द्यायचो. ते बाहेर यायचे तेव्हा भुवया, कानांवरचे केस, मिशी सगळं पांढरं. मला ते म्हातारे दिसायचे. घरी येऊन तोंड धुतलं की पुन्हा माझे बाबा. रात्री मात्र खोकल्याची उबळ आली की ते उठून अंगणात जाऊन बसत. कापूस छातीत बसतो, एवढंच आई म्हणायची.

एम्प्रेसने १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई आणि १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड सुरू केला. देशात फारसं कुणी विचारही करत नव्हतं तेव्हाच्या या गोष्टी, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण कामगारांना बाकीचं भांडूनच मिळवावं लागलं. रामचंद्र रुईकर यांनी नागपुरात मिल कामगारांची चळवळ उभी केली. नंतरच्या पिढीत कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन कामगारांमध्ये काम करत पुढे आले आणि १९५७ मध्ये अपक्ष म्हणून आमदार झाले. संपाच्या दिवसांत आमच्या गल्लीत दुकानदार वही उघडून बसायचा आणि कुणाला नाही म्हणायचा नाही.

कामठी रस्त्याकडे, इंदोरा-बेझनबाग भागात, मिल कामगारांची दुसरी मोठी वस्ती. तिथल्या बायका सुपात तेंदूपत्ता घेऊन दारात बिड्या वळायच्या. कामठीचे बाबू हरदास यांनी या बिडी मजुरांची संघटना बांधली. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. १९३९ मध्ये ऐन तारुण्यात ते गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, त्या गर्दीत मिलची पाळी टाकून आलेले आणि बिडीची मजुरी बुडवून आलेले लोक किती असतील, याचा विचार मी अनेकदा करतो. या शहराच्या इतिहासात मजुराला एवढं मोठं स्थान देणारा दुसरा दिवस नाही.

आमचा मोठा सण तान्हा पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याचा. लाकडी बैल घेऊन आम्ही घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचो. बैलाची झूल मागावरच्या उरलेल्या काठाच्या तुकड्याची, त्यामुळे आमच्या गल्लीतले बैल इतवारीतल्या श्रीमंत पोरांच्या बैलांपेक्षा नटलेले असत. त्याच दिवशी मारबत, म्हणजे पीडा शहराबाहेर नेऊन जाळण्यासाठी मिरवणुकीने काढलेला बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. मिल सुरू झाली त्याच दशकाच्या आसपास हा उत्सव शहराचा झाला, आणि माणसांनी भरत चाललेल्या पेठांमध्ये रोगराईची भीती किती खरी असेल हे 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' या आरोळीत ऐकू येतं. बडग्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या पुरुषी पुतळ्यांच्या, मागे धावताना आम्हाला यातलं काही कळत नव्हतं.

उतार हळूहळू लागला. हातमागाला १९७६ पासून सरकारच्या जनता कापड योजनेने तगवलं. जाडंभरडं कापड, ठरलेली मजुरी. पण त्या नादात रेशीमकाठाची कला हातातून गेली, आणि नव्वदच्या दशकात योजनाही गुंडाळली गेली. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांकडून सुटली, राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे. माग मोडले तसे आळीतल्या कितीतरी घरांनी पुढच्या खोलीत टेबलं मांडली आणि घरचा झणझणीत रस्सा विकायला काढला. ज्या सावजी जेवणासाठी लोक आज दुरून येतात, त्यातली बरीचशी भोजनालयं मोडलेल्या मागांच्या जागी उभी आहेत. त्या रश्श्याची चव मला आवडते, पण पहिल्या घासाला दरवेळी आजोबा आठवतात.

आमच्या घरात आता धाकटा भाऊ राहतो. मागाचा खड्डा त्याने मुरूम भरून बुजवला, वर फरशी टाकली आणि त्यावर फ्रीज ठेवला. दर पावसाळ्यात ती जागा बोटभर खचते. फरशीवर बरोबर खड्ड्याच्या मापाची चौकोनी भेग उमटते. भाऊ सिमेंट लावतो. पुढच्या आषाढात ती पुन्हा दिसते.