टेंडर हातचं गेलं? आक्षेप गिट्टी पडायच्या आधी घ्या

"भाऊ, तिकडं गिट्टी पडली नं!"

माझ्याकडे आक्षेप लिहून घ्यायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं पहिलं वाक्य हेच असतं. म्हणजे कार्यारंभ आदेश निघाला, दुसऱ्याचा माल कामावर उतरला, आणि याला आत्ता जाग आली. तालुक्याच्या गावी मी छोटे ठेकेदार, मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांची टेंडरं भरून देतो. टेंडर भरायच्या रात्री बारापर्यंत जागणारी ही मंडळी पहिला, म्हणजे कागदपत्रांचा तांत्रिक लिफाफा उघडल्यावर आठ-आठ दिवस पोर्टलकडे फिरकत नाहीत. खरी मुदत तिथेच निघून जाते.

आधी एक गैरसमज काढून टाका. टेंडरच्या तक्रारी ऐकणारं वेगळं न्यायाधिकरण आपल्याकडे नाही. कर्नाटकात १९९९ चा आणि राजस्थानात २०१२ चा खरेदी पारदर्शकता कायदा आहे, त्यात अपिलाची सोय आहे. महाराष्ट्रात असा स्वतंत्र कायदा नाही. आपल्याकडे चालतात ते शासन निर्णय, वस्तू खरेदीसाठी उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची नियमपुस्तिका, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या टेंडरची स्वतःची कागदपत्रं. आक्षेपाची मुदत दिलेली असेल तर ती त्यातच, कुठेतरी आतल्या पानावर बारीक अक्षरात असते. ऐंशी पानं कोण वाचतो म्हणता, तर वाचा. नाहीतर कोणाकडून वाचून घ्या.

आक्षेप कोण घेऊ शकतो? ज्याने टेंडर भरलं तो, किंवा ज्याला अटीमुळे भरताच आलं नाही तो. ज्याने भरलंच नाही त्या गावकऱ्याने किंवा ग्रामपंचायत सदस्याने दिलेला कागद ही तक्रार होते. ती जरूर द्यावी, पण ठेकेदाराच्या आक्षेपाचं वजन तिला येत नाही.

आता मुदतीचं. घड्याळं दोन आहेत आणि लोक दोन्ही चुकवतात.

पहिलं घड्याळ अटींचं. कामापासून अमुक किलोमीटरच्या आत हॉट मिक्स प्लांट (डांबर-खडी मिसळायचा कारखाना) हवा, उपअभियंत्याच्या सहीचा स्थळपाहणी दाखला हवा, अशा अटी कोणासाठी घातल्या जातात ते सगळ्या तालुक्याला ठाऊक असतं. स्थळपाहणीच्या दाखल्यासाठी साहेब नेमके शेवटचे चार दिवस "दौऱ्यावर" असतात. पण अट चुकीची वाटते तर टेंडर भरायच्या आधी, प्रिबिड बैठकीत (टेंडर भरण्याआधी शंका विचारायच्या बैठकीत) किंवा लेखी पत्राने बोला. गुपचूप भरलं, हरलात आणि मग अट अन्यायाची म्हणालात, तर तुम्ही ती मान्य करूनच उतरला होतात, असं कार्यालय म्हणतं आणि न्यायालयही बहुधा तेच म्हणतं. दाखला मागायला गेलात आणि साहेब भेटले नाहीत, तर त्याच दिवशी अर्ज आवक करून पोच घ्या. दाखला नसला तरी दाखला मागितल्याचा पुरावा हाती राहतो.

दुसरं घड्याळ अपात्रतेचं. ते कार्यारंभ आदेशापासून धावत नाही. तांत्रिक लिफाफ्याचा निकाल महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या टेंडर पोर्टलवर चढला की ते सुरू होतं. दुसरा, दरांचा लिफाफा उघडला की तुमची बाजू अर्धी गेली, आदेश निघाला की उरलेलीही गेल्यात जमा. जेम या केंद्राच्या सरकारी खरेदी पोर्टलवरच्या खरेदीत तर अपात्रतेला आव्हान देण्याची मुदत तासांत मोजतात. म्हणून पहिला लिफाफा उघडल्यावर रोज सकाळी चहाच्या आधी पोर्टल बघा.

आणि आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो: अपात्रतेचं लेखी कारण. पोर्टलवर एका ओळीत "कागदपत्रे अपूर्ण" एवढंच येतं. कोणता कागद, कोणत्या अटीनुसार, काही नाही. लोक हे वाचून कार्यालयात जातात, लिपिक तोंडी काहीतरी सांगतो, आणि त्या तोंडी कारणावर आक्षेप लिहिला जातो. मग लेखी उत्तरात कारण वेगळंच निघतं. मागे एका मजूर संस्थेचं असंच झालं. तोंडी सांगितलं अनुभवाचा दाखला नाही, संस्थेने दाखल्यांचा गठ्ठा जोडला, आणि नंतर कळलं की अडचण चालू कामांच्या यादीवर सही नसण्याची होती. पंधरा दिवस पाण्यात.

म्हणून पहिलं पत्र दोन ओळींचं द्या: आमची निविदा कोणत्या अटीच्या कोणत्या पोटकलमानुसार अपात्र ठरली ते लेखी कळवा, आणि तोवर दुसरा लिफाफा उघडू नका. केंद्राच्या कार्यालयाचं टेंडर असेल तर सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १७३ त्यात लिहा. विचारणा केल्यावर नाकारण्याचं कारण सांगणं तिथे बंधनकारक आहे.

मुख्य आक्षेपात टेंडर क्रमांक, निविदा सादर केल्याची पोर्टलची पावती, निकालाच्या पानाची छापील प्रत आणि अटीचा नेमका क्रमांक हवा. "साहेबांनी पैसे खाल्ले" हे वाक्य लिहू नका. खरं असलं तरी. एका पत्रात भ्रष्टाचार आणि अपात्रता दोन्ही घातलं की मूळ मुद्दा चौकशीच्या फाइलीत गडप होतो. लाच मागितली असेल तर लाचलुचपत विभागाच्या १०६४ वर फोन करा, तो रस्ता वेगळा आहे.

पत्र टेंडर काढणाऱ्या अधिकाऱ्याला, प्रत वरच्याला. जिल्हा परिषदेत कार्यकारी अभियंता, मग मुख्य कार्यकारी अधिकारी. बांधकाम विभागात कार्यकारी अभियंता, मग अधीक्षक अभियंता. ग्रामपंचायतीचं असेल तर गटविकास अधिकारी. पत्र आवक-जावक टेबलावरच द्या, आवक क्रमांक घ्या, ईमेलही करा. "ठेवा, साहेब आले की दाखवतो" म्हणणाऱ्याच्या हातात दिलेलं पत्र हे पत्र नव्हे.

जिंकलेल्याची कागदपत्रं हवीत म्हणून सगळे माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात. दहा रुपयांचा स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्द. पण उत्तराला तीस दिवस आहेत, आणि तेवढ्यात डांबर पडतं. अर्ज टाकाच, पण त्याच्या उत्तराची वाट बघत आक्षेप थांबवू नका. आणखी एक सोय आहे, ती बऱ्याच कार्यालयांनाही ठाऊक नसते: २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघायला मिळतात. निर्णयाची प्रत खिशात घेऊनच जा.

तरी काही हललं नाही, तर नागपूर खंडपीठात रिट याचिका. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांना तेच. सिरोंच्याच्या माणसाचे त्यात नुसते जाण्यायेण्यात दोन दिवस मोडतात, म्हणून आधी स्वतःशी हिशेब करा. न्यायालय तुमचा दर बरा की त्याचा, हे बघत नाही. निर्णय मनमानीने किंवा कोणाला झुकतं माप देण्यासाठी झाला का, आणि त्यात जनहिताला धक्का बसतो का, हे दोन प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या जगदीश मंडल प्रकरणात घालून दिले आहेत. नागपूर मेट्रोच्याच एका टेंडरच्या वादात २०१६ साली न्यायालयाने म्हटलं, की टेंडरच्या अटींचा अर्थ ज्याने त्या लिहिल्या त्यालाच जास्त कळतो. २०२२ पासून तर चालू कामाला स्थगिती देताना हात आखडता घ्या, असंच न्यायालयांना सांगितलेलं आहे. म्हणून जायचं तर आदेश निघण्याआधी, आवक शिक्क्याची पत्रं घेऊन. हिवाळी अधिवेशनात आमदार प्रश्न लावतील या भरवशावर थांबलेले मी पाहिलेत. प्रश्नाला उत्तर आलं तेव्हा रस्त्याला पहिले खड्डे पडले होते.

आक्षेप चालू असताना बयाणा रक्कम (टेंडरसोबत भरलेली अनामत) परत मागणारा अर्ज स्वतःहून देऊ नका, माघार घेतली असं म्हणायला कार्यालयाला आयतं कारण मिळतं. पोर्टलवरून आपोआप आली तर हरकत नाही. आणि निविदेची वैधता (तुमचा दर बांधील राहण्याची मुदत) वाढवून देता का, असं पत्र आलं तर त्याच दिवशी होकार कळवा. मागच्या पावसाळ्यात एकाचा आक्षेप मान्य झाला होता. पण हे पत्र त्याच्या ईमेलच्या जाहिरातींत पडून राहिलं, आणि वैधता संपली म्हणून काम दुसऱ्यालाच गेलं.